चालता चालता बोलणं : प्रकल्प नोंदी

१० जून

प्रकल्पाला आज मान्यता मिळाली. विषय थोडक्यात असा: मूल नुसतं चालतं तेव्हा आणि चालता चालता दुसरं काही करतं तेव्हा चालीत काय फरक पडतो, आणि वय वाढतं तसा तो फरक कसा बदलतो. आमच्या क्षेत्रात याला ड्युअल टास्क म्हणतात. या वहीत मी ‘दुहेरी काम’ असंच लिहीन. वयोगट चार ते दहा वर्षं. चालण्याची कसलीही तक्रार नसलेली मुलंच घ्यायची.

हा प्रश्न मला रोजच्या कामात भेटला. मुलांची चाल आम्ही फिजिओथेरपिस्ट शांत खोलीत तपासतो, "सरळ चालत जा आणि परत ये" एवढंच सांगतो. मूल छान चालून दाखवतं. मग आई म्हणते, "इथे नीट चालतो हो, पण मित्राशी बोलत निघाला की सारखा धडपडतो." तिचं खरं असतं. नुसतं चालणं मुलाच्या दिवसात जवळजवळ नसतंच. हातात काहीतरी असतं, तोंडाने बडबड चालू असते, डोळे तिसरीकडेच असतात. मूल ज्या तऱ्हेने दिवसभर चालतं त्या तऱ्हेने आपण ते कधी तपासतच नाही, हे मला बरीच वर्षं खुपत आलं आहे.

१४ जून

वाचन. या विषयातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं निरीक्षण मुलांचं नाही, वृद्धांचं आहे. १९९७ साली स्वीडनमधल्या लिलेमोर लुंडिन-ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ते छापलं. निवासी सोयीत राहणाऱ्या ५८ वृद्धांबरोबर चालत जायचं आणि वाटेत सहज बोलणं काढायचं, बस. बोलायला लागल्यावर १२ जण थांबले. त्या १२ पैकी १० जण पुढच्या ६ महिन्यांत पडले. यंत्र नाही, तारा नाहीत, कॅमेरा नाही, तरी केवढं कळलं!

त्यावरून मी तपासणीपत्रकात ‘थांबला / थांबली’ हा रकाना केला आणि तो ‘चुका’ या गटात घातला.

१५ जून

मुलांचं वाचन. दुहेरी काम चालता येऊ लागल्यावर पुढे कधीतरी सुरू होत असेल, असा माझा समज होता. तो बरोबर नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अॅडॉल्फ यांच्या गटाने १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना मोकळं खेळू देऊन मोजलं (२०१२). तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. त्याच गटाचा, त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास वस्तू उचलून नेण्याबद्दल आहे. तेरा महिन्यांची, नुकती चालायला लागलेली मुलं सारखी काहीतरी हातात घेऊन फिरतात, आणि हातात वस्तू असताना ती रिकाम्या हातांच्या मानाने कमी पडतात. हे मी दोनदा वाचलं. दुसरं काम आलं की पहिलं बिघडणारच, हे गृहीत इथेच डळमळलं.

२० जून

जागा मिळाली. शाळेचा लांब व्हरांडा, सुटीनंतर रिकामा असतो. फरशीवर चिकटपट्टीने १४ मीटर आखले. पहिले २ मीटर वेग घ्यायला, शेवटचे २ मीटर थांबायला, मोजायचे ते मधले १०. मूल रेषेपाशी येऊन थबकतं, म्हणून शेवटची रेषा मुलांना दिसू द्यायची नाही. तिथे फक्त भिंतीजवळ एक खुर्ची ठेवली आणि "खुर्चीपर्यंत जा" असं सांगायचं ठरलं.

पालकांची लेखी संमती घेतोच आहोत. त्याशिवाय प्रत्येक फेरीआधी मुलाला विचारायचं, आणि ते नाही म्हणालं तर ती फेरी नाही. सोबत चालणाऱ्याने मुलाच्या अर्धं पाऊल मागे आणि बाजूला राहायचं. बरोबरीने चाललो की मूल आपला वेग धरतं, आणि मग मोजतो ती मुलाची चाल उरत नाही, आपली होते.

२३ जून

कॅमेऱ्याचा प्रश्न. चाल किती एकसारखी पडते हे बघायचं तर एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ मोजावा लागतो. लहान मुलात हा वेळ सेकंदाहून कमी असतो, ०.८ सेकंदाच्या आसपास धरू. त्यात तीन टक्के चढउतार म्हणजे २४ मिलिसेकंद. मोबाईलचं साधं चित्रण सेकंदाला ३० चौकटींचं, म्हणजे दोन चौकटींत ३३ मिलिसेकंदांचं अंतर. ज्या फरकाच्या शोधात आहोत तो एका चौकटीतच बुडून जाणार. सेकंदाला २४० चौकटी घेतल्या की अंतर चार मिलिसेकंदांवर येतं. आता स्लो मोशनवरच घ्यायचं.

दुसरी अडचण फेऱ्यांची. पाच वर्षांचं मूल १० मीटरमध्ये साधारण दहाच वेळा तोच पाय टेकवतं. दहा आकड्यांवरून चढउतार सांगणं धाडसाचं आहे. प्रत्येक प्रकारच्या पाच फेऱ्या घेऊन आकडे एकत्र करायचे, वळणाची पावलं वगळायची.

२७ जून

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एकच प्रश्न विचारला आणि माझा तक्ता परत केला: "चार वर्षांच्या आणि नऊ वर्षांच्या मुलाचा वेग शेजारी शेजारी कसा ठेवलास?" पाय लांब, तर वेग जास्त. वय आणि उंची वेगळी केल्याशिवाय काही बोलता येणार नाही.

उपाय जुनाच आहे. कंबरेच्या पुढच्या हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत पायाची लांबी मोजायची, तिला गुरुत्वत्वरणाने गुणायचं, वर्गमूळ काढायचं आणि वेगाला त्याने भागायचं. ५० सेंटीमीटर पायाचं मूल सेकंदाला १ मीटर चाललं आणि ७० सेंटीमीटर पायाचं १.२ मीटर, तर दोघांचंही उत्तर ०.४५ च्या आसपास येतं. वरवर मोठं मूल वेगवान वाटतं, पण आपापल्या पायाच्या मानाने दोघं सारखीच चालली.

सदरलँड यांच्या १९८० च्या अभ्यासातही (१ ते ७ वर्षांची १८६ मुलं) हाच धडा आहे. प्रौढांसारख्या चालीची ठेवण तीन वर्षांपर्यंत बरीचशी आलेली असते. पुढे पावलाची लांबी वाढते आणि मिनिटाला पडणारी पावलं कमी होत जातात, त्यात उंचीचा मोठा वाटा. मात्र बाहेरून चाल तयार दिसली म्हणून ती आतून तयार असतेच असं नाही. हाउसडॉर्फ यांनी १९९९ मध्ये ३ ते १४ वर्षांची ५० मुलं तपासली तेव्हा पावलागणिक होणारा चढउतार तीन-चार वर्षांच्या मुलांत सहा-सात वर्षांच्या मुलांपेक्षा जास्त होता, आणि सहा-सातच्या मुलांत अकरा ते चौदाच्या मुलांपेक्षा जास्त. म्हणजे डोळ्यांना चाल पक्की वाटते त्यानंतरही कितीतरी वर्षं ती पक्की होत असते. दुहेरी कामाचा प्रश्न याच वर्षांमधला आहे.

२ जुलै

पहिली चाचपणी. दुसरं काम म्हणून उलटी उजळणी घेतली, चाळिसापासून खाली. मोठी मुलं, आठ ते दहा वर्षांची.

मुलं अडखळली, वेग पडला, दोघंजण मधेच उभे राहिले. दुहेरी कामाचा परिणाम स्वच्छ दिसतो, असं मी संध्याकाळी लिहून ठेवलं होतं. ती ओळ आता खोडली आहे. का, ते पुढच्या नोंदीत.

४ जुलै

चित्रण पुन्हा पुन्हा ऐकलं. पाय न बघता नुसते आवाज. मुलं वाटेल तिथे अडखळत नव्हती, ठरावीक जागीच अडखळत होती. "चाळीस, एकोणचाळीस" इथपर्यंत सगळी झरझर येतात. एकोणचाळीस या शब्दातच ‘चाळिसाला एक उणा’ हे सांगितलेलं आहे, उलटं येणाऱ्याला ते सोयीचंच. खड्डा त्याच्या पुढच्या पायरीला आहे. कानात ‘चाळीस’ घुमत असतो आणि जायचं असतं तिसाच्या घरात. तिघांनी तिथे "अठ्ठेचाळीस" म्हटलं. एकजण पुटपुटला, थांबला आणि मग सावकाश "अडतीस" म्हणाला. तीसला पुन्हा तेच. एकोणतीसनंतर अठ्ठावीस यायच्या ऐवजी एकजण "अडतीस"कडे निघाली होती.

आज त्याच मुलांना खुर्चीवर बसवून तीच उजळणी घेतली. बसल्या बसल्याही ती त्याच जागी अडखळली! मी जिला चालण्याची अडचण म्हणत होते ती आकड्यांच्या नावांची होती. दुसरं काम आधी बसून मोजलं नाही तर चालताना त्याचं काय झालं हे सांगता येत नाही, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. कळलं मात्र आज.

मराठीत उलट्या उजळणीवर असं काम करणाऱ्याने दशकाच्या उंबरठ्याकडे जरूर बघावं. परभाषेतल्या अभ्यासांतून हे काम जसंच्या तसं उचललं तर ही अडचण दिसणारच नाही, कारण इंग्रजीसारख्या भाषांत एकोण नाही.

९ जुलै

उजळणी रद्द. पर्याय शोधताना स्ट्रूपच्या चाचणीची आठवण झाली. १९३५ ची ही मूळ चाचणी रंगांची: ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापायचा आणि शाईचा रंग विचारायचा. चालताना वाचायला लावणं बरोबर नाही, नजर वाटेवरून उचलली जाते. म्हणून तिचं ऐकण्याचं रूप वापरतात: शब्द एक, आवाजाची पट्टी दुसरी.

इंग्रजीतले शब्द ‘उंच’ आणि ‘खाली’ असे येतात. ते उचलून चालणार नव्हतं, आपली मुलं आवाजाला उंच म्हणत नाहीत. ती म्हणतात बारीक आवाज, जाड आवाज. मग तसंच ध्वनिमुद्रण केलं. ‘जाड’ हा शब्द कधी जाड आवाजात, कधी बारीक आवाजात, आणि ‘बारीक’चंही तसंच. मुलाने शब्दाकडे लक्ष न देता आवाज कसा आहे ते सांगायचं. बारीक आवाजात "जाड" ऐकू आलं की उत्तर "बारीक". सहा वर्षांच्या मुलांना दोन मिनिटांत समजलं. चार-पाच वर्षांच्यांना बसूनही अवघड गेलं, त्यांच्यासाठी सोपं ठेवलं आहे: प्राण्याचं नाव ऐकू आलं तर "हो" म्हण, नाहीतर गप्प राहा.

त्यामुळे लहान आणि मोठ्या गटाचं दुसरं काम आता एक नाही. त्यांची थेट तुलना करायची नाही. प्रत्येक गट आपल्याच बसलेल्या कामाशी तोलायचा.

१२ जुलै

हिशेबाची पद्धत ठरवली. दुसऱ्या कामामुळे जेवढी घट होते तिला ‘किंमत’ म्हणायचं. एकट्या चालण्याचा वेग वजा दुहेरी कामातला वेग, भागिले एकट्याचा वेग, गुणिले शंभर. १० मीटर नुसतं ९ सेकंदांत आणि बोलत १२ सेकंदांत, तर किंमत २५ टक्के. उत्तरांचीही तशीच किंमत काढायची, बसून आणि चालून.

सावध राहायचं ते असं, की एका फेरीत मुलाला चारच शब्द ऐकू येतात. एक चुकला की २५ टक्के किंमत झाली, आणि ती चूक शिंक आल्यामुळेही होऊ शकते. शिवाय जे मूल हळू चाललं त्याला जास्त शब्द ऐकायला मिळतात. म्हणून पाचही फेऱ्यांची बेरीज घ्यायची आणि दर सेकंदाला बरोबर उत्तरं किती, हे बघायचं.

२२ जुलै

पाण्याच्या पेल्याचा दिवस. हे दुसरं काम हाताचं, डोक्याला वेगळं ओझं नाही. ताटलीत पाऊण भरलेला प्लास्टिकचा पेला, तो खुर्चीपर्यंत न्यायचा.

आकड्यांपेक्षा आज डोळ्यांनी जास्त दाखवलं. चार-पाच वर्षांची मुलं ताटली हातात आली की डोकं, खांदे, धड सगळं एका तुकड्यासारखं बांधून घेतात. मान वळत नाही, कोपर हलत नाही, नजर पेल्यात बुडालेली. पावलं आखूड आणि पाय फाकवलेले. जणू शरीरातल्या हलणाऱ्या गोष्टी त्यांनी मोजून कमी केल्या आहेत. सात-आठच्या पुढच्या मुलांत कोपर मऊ होतं, ताटली शरीरापासून वेगळी तरंगते, आणि नजर वर येते. पेला, वाट, पुन्हा पेला. नऊ वर्षांचा एक मुलगा पूर्ण फेरीत पेल्याकडे जेमतेम दोनदा बघून गेला आणि थेंब सांडला नाही.

शमवे-कुक आणि वुलाकॉट यांनी १९८५ मध्ये तोल सावरण्याबद्दल जे मांडलं ते इथे आठवतं. चार ते सहा या वयात तोल सावरण्याचे प्रतिसाद त्याहून लहान मुलांपेक्षाही संथ आणि अनियमित होतात, आणि सात ते दहाच्या दरम्यान मोठ्यांसारखे होतात. डोळे, कान आणि सांधे यांच्याकडून येणारी खबर नव्याने जुळवण्याचा हा काळ असावा, असा त्यांचा अर्थ. पाच वर्षांच्या मुलाला "किती धांदरट आहेस" म्हणणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला हे माहीत असायला हवं.

३० जुलै

सूचनेचा प्रयोग. आतापर्यंत आम्ही "चाल आणि उत्तरं दे" एवढंच सांगत होतो. आज त्याच मुलांना एकदा "चालण्याकडे लक्ष दे" आणि एकदा "उत्तरं चुकू देऊ नकोस" असं सांगितलं. क्रम चिठ्ठ्या टाकून, म्हणजे सरावाचा फायदा एकाच प्रकाराला मिळत नाही.

मोठी मुलं सांगितल्याप्रमाणे लक्ष इकडून तिकडे हलवतात. पाच वर्षांची मुलं दोन्ही सूचनांना जवळजवळ एकाच तऱ्हेने चालली. त्यांना सूचना कळली नव्हती असं नाही, विचारल्यावर ती नीट सांगत होती. कळलेलं चालू चालीत लागू करणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि ते अजून यायचं आहे.

१ ऑगस्ट

उलटा निकालही मिळाला. नऊ वर्षांच्या एका मुलीची उत्तरं चालताना बसल्यापेक्षा चांगली आली. आधी मला मोजण्यात चूक वाटली. पण शेफर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नऊ वर्षांची मुलं आणि तरुण प्रौढ यांना ट्रेडमिलवर चालताना स्मरणाचं काम दिलं होतं. स्वतःला सोयीच्या वेगाने चालताना दोन्ही गटांची कामगिरी बसल्यापेक्षा सुधारली, आणि मुलांची जास्त. आपल्या वेगाने चालणं मुलाला जागं ठेवत असेल, तर वर्गात सारखं चुळबुळणाऱ्या मुलाबद्दल जरा वेगळा विचार करावा लागेल. हे माझं मत आहे, प्रकल्पाचा निष्कर्ष नाही.

८ ऑगस्ट

वाटेत अडथळा ठेवला. घोट्याइतक्या उंचीचा, स्पंजचा, पाय लागला तर आडवा होणारा. ‘जाड-बारीक’ ऐकत तो ओलांडायचा.

सहा वर्षांची एक मुलगी प्रत्येक फेरीत अडथळ्याच्या एक पाऊल अलीकडे थांबली. शब्द ऐकला, उत्तर दिलं, मग ओलांडलं. पाचही फेऱ्या तशाच. पत्रकाप्रमाणे ‘चुका’ या गटात पाच खुणा झाल्या. तिचीच उत्तरं सगळ्यात बरोबर होती आणि तिचा पाय एकदाही लागला नव्हता. शेवटी तिला विचारलं, "तू थांबत का होतीस गं?" ती म्हणाली, "आधी सांगते, मग ओलांडते. दोन्ही एकदम केलं की एक सांडतं." सांडतं हाच शब्द. पेल्याचा दिवस तिच्या लक्षात असावा.

तिच्यानंतर आठ वर्षांचा मुलगा न थांबता, बोलत बोलत गेला. पाच फेऱ्यांत दोनदा स्पंज पडला, तीन उत्तरं चुकली. त्याच्या पत्रकावर ‘थांबला’ची एकही खूण नाही.

९ ऑगस्ट

रात्री झोप लागली नाही. वृद्धांच्या अभ्यासातला रकाना मी मुलांवर आणून चिकटवला होता. ज्या वृद्धाचं चालणं एकेकाळी आपोआप होत होतं आणि आता त्याला लक्ष द्यावं लागतं, त्याचं थांबणं ही हातातून काही निसटत असल्याची खूण. मुलाचं थांबणं ही बऱ्याचदा त्याने आखलेली गोष्ट असते. बाहेरून दिसतं ते एकच, पाय थांबलेले.

२००९ मध्ये स्टॅव्ह्रिनोस, बायिंग्टन आणि श्वेबेल यांनी १० ते ११ वर्षांच्या ७७ मुलांना आभासी रस्ता ओलांडायला लावला, एकदा फोनवर बोलत आणि एकदा न बोलता. बोलताना मुलांचं रहदारीकडे लक्ष कमी राहिलं, ओलांडताना वेळेची मोकळीक कमी राहिली, आणि गाडीखाली येण्याचे किंवा थोडक्यात वाचण्याचे प्रसंग वाढले. ही मुलं बोलत चालू शकत होतीच. बोलणं कधी थांबवायचं, हे त्यांना जमलं नाही. माझं पत्रक हे दुसरं कौशल्य मोजत तर नव्हतंच, उलट त्याला चूक म्हणत होतं.

१२ ऑगस्ट

मॅडमशी बोलले. त्या म्हणाल्या, "रकाना काढू नकोस. तो फोड."

आता चार भाग: कुठे थांबलं (अडथळ्याआधी, शब्द ऐकताना, की ऐकून झाल्यावर), किती वेळ, थांबल्यावर आधी उत्तर आलं की आधी पाऊल, आणि पुढच्या फेरीत तेच पुन्हा केलं का. ठरवून थांबणारं मूल पुन्हा त्याच जागी थांबेल. गोंधळून थांबणारं कुठेही थांबेल. निदान तसा अंदाज आहे. जुनं सगळं चित्रण या चार भागांनुसार पुन्हा बघावं लागणार, आणि ते मी आनंदाने बघेन.

२६ ऑगस्ट

अर्धं चित्रण झालं. २ जुलैला मधेच उभे राहिलेले ते दोघेजण पुन्हा पाहिले. दोघांचेही पाय एकोणचाळीसनंतर थांबले होते, दोघांनीही अडतीस म्हटल्यावरच पुढचं पाऊल टाकलं होतं.

ती सहा वर्षांची मुलगी आज पुन्हा आली होती, नव्या पत्रकावरची पहिली. स्पंज तिथेच ठेवला होता. ती एक पाऊल अलीकडे थांबली, तिसऱ्या फेरीत थबकल्यासारखी झाली, आणि चौथ्या फेरीत न थांबता "बारीक" म्हणत पाय उचलून पलीकडे गेली. स्पंज उभाच होता. तिने मागे वळून आधी स्पंजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पत्रकात लिहिलं: फेरी ४, थांबली नाही, उत्तर आणि पाऊल एकदम.